आधी व्याकरण, मग अलंकार

बारावीच्या इंग्रजी गाइडच्या शेवटच्या पानांवर फिगर्स ऑफ स्पीचची यादी असते. वीस-बावीस नावं, प्रत्येकापुढे एका ओळीची व्याख्या आणि एक ठरलेलं उदाहरण. मुलं ही यादी घोकतात आणि परीक्षेत कविता समोर आली की कुठलं नाव कुठल्या ओळीला चिकटवता येईल ते बघत बसतात. घोटाळा इथेच सुरू होतो. अलंकार बहुतेक वेळा तिथे सापडतो, जिथे व्याकरण एक सांगतं आणि अर्थ दुसरंच. विशेषण एका नामाला जोडलेलं असतं, पण लागू पडतं दुसऱ्यालाच. कर्ता निर्जीव असतो, क्रियापद मात्र माणसाचं. ही फट दिसायला हवी असेल तर ओळीतला प्रत्येक शब्द काय काम करतोय ते आधी कळायला हवं. म्हणून वर्गात मी यादी मिटवून ठेवायला सांगतो आणि पेन्सिल काढायला लावतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांकडे एक भांडवल आधीपासून असतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. त्यामुळे नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आठ जाती इंग्रजीच्या पार्ट्‌स ऑफ स्पीचशी जवळजवळ एकास एक जुळतात. शाळेत शब्दांच्या जाती नीट केलेल्या मुलाला इंग्रजीत त्या नव्याने शिकायच्या नसतात. त्याला फक्त जिथे जुळत नाहीत त्या जागा माहीत असाव्या लागतात.

पहिली जागा म्हणजे शब्दाची ओळख. मराठीत शब्दाचं रूपच बरंच सांगून जातं. 'घराला', 'घरात', 'घराचा' यांत सामान्यरूप आणि प्रत्यय दिसतात. इंग्रजीत शब्द तसाच राहतो आणि जात बदलते. 'फास्ट' घ्या. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये ते विशेषण आहे, 'ही रन्स फास्ट'मध्ये क्रियाविशेषण, 'दे फास्ट ऑन एकादशी'मध्ये क्रियापद आणि 'ही ब्रोक हिज फास्ट'मध्ये नाम. तेव्हा शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न मागाहून. आधी विचारायचं, तो कोणाच्या शेजारी बसलाय? नामाच्या आधी बसला असेल तर बहुधा विशेषण. 'अ', 'अ‍ॅन', 'द' किंवा 'हिज'नंतर येऊन तिथेच थांबला तर नाम.

दुसरी जागा प्रिपोझिशन. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, इंग्रजीत ते पुढे जातं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. फसगत होते ती 'ही वेंट इन'सारख्या वाक्यात. 'इन' दिसलं की मुलं डोळे मिटून प्रिपोझिशन लिहितात. पण त्यानंतर नाम किंवा सर्वनाम नाही, म्हणजे ते इथे क्रियाविशेषण झालं. 'ही इज इन द रूम'मध्ये मात्र ते प्रिपोझिशन आहे. पुढे नाम आहे का, ही कसोटी बहुतेक वेळा पुरते.

आर्टिकल मराठीत नाहीच, म्हणून त्याचा वेगळा सराव करावा लागतो. तिथे एक युक्ती चालते: शब्द देवनागरीत लिहून बघायचा. 'अवर' (तास) आणि 'ऑनेस्ट' देवनागरीत स्वराने सुरू होतात, म्हणून 'अ‍ॅन'. 'युनिव्हर्सिटी' आणि 'युरोपियन' य-काराने, म्हणून 'अ'. स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर बघायचंच नाही. ही युक्ती पुढे अनुप्रासाला आणि यमकालाही कामी येते.

यानंतर क्रियापदं. ओळीत किंवा वाक्यात फाइनाइट व्हर्ब किती, ते मोजून त्यांच्याखाली रेघ मारायची. ओळखायची रीत सोपी आहे. वाक्याचा काळ बदलून बघा. जे रूप बदलतं ते फाइनाइट, जे तसंच राहतं ते नाही. 'शी वॉन्ट्स टु सिंग' भूतकाळात नेलं की 'वॉन्टेड' होतं, 'टु सिंग' हलत नाही. जितकी फाइनाइट क्रियापदं, साधारण तितके क्लॉज. मग केवल, संयुक्त की मिश्र, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही.

खरी अडचण 'इंग'वाल्या रूपांची. मराठीत ज्याला धातुसाधित म्हणतो तेच हे प्रकरण आहे. 'पोहणे चांगला व्यायाम आहे' यातलं 'पोहणे' धातुसाधित नाम, तसं 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज'मधलं 'स्विमिंग' जेरंड. 'पोहणारा मुलगा'मधलं 'पोहणारा' धातुसाधित विशेषण, तसं 'द स्विमिंग बॉय'मधलं पार्टिसिपल. कसोटी: त्या शब्दाच्या जागी 'इट' घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर जेरंड. 'इट इज गुड एक्सरसाइज' उभं राहतं, 'द इट बॉय' कोसळतं. या रूपाआधी 'इज', 'वॉज', 'आर' असेल तर ते बहुधा क्रियापदाचाच भाग असतं.

आता व्हॉइस. या एका ठिकाणी मराठी व्याकरण चांगलं आलेला मुलगा हमखास अडखळतो, कारण त्याला शाळेत प्रयोग नीट शिकवलेले असतात. 'मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली.' क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदललं, म्हणजे कर्मणी प्रयोग. बरोबर. पण तेच वाक्य इंग्रजीत 'द बॉय एट द मँगो' असं होतं आणि ते ॲक्टिव्ह आहे. मराठीचा प्रयोग क्रियापद कुणाशी जुळतं यावर ठरतो. इंग्रजीचा व्हॉइस कर्त्याच्या जागी कोण बसलंय आणि क्रियापदाचं रूप कसं झालंय यावर ठरतो. दोन वेगळ्या मोजमापांना एकच नाव दिलं की गोंधळ होणारच. पॅसिव्हला खरी जवळची मराठी रचना म्हणजे नवीन कर्मणी: 'रामाकडून रावण मारला गेला.' आणि भावे प्रयोगाला इंग्रजीत जोडीच नाही, ती शोधू नये.

पॅसिव्ह करताना पायऱ्या अशा. कर्म उचलून पुढे आणा. मूळ क्रियापदाचा काळ बघा. त्याच काळात 'बी'चं रूप ठेवा. मग तिसरं रूप, आणि गरज असेल तरच 'बाय'. चूक नेहमी दोन ठिकाणी होते. चालू काळात 'बीइंग' आणि पूर्ण काळात 'बीन' गळतं: 'द हाउस इज बिल्ट' आणि 'द हाउस इज बीइंग बिल्ट' यांत घर बांधून झालं की बांधकाम चालू आहे, एवढा फरक आहे. दुसरी चूक अकर्मक क्रियापदाला पॅसिव्ह करण्याची. 'अपघात झाला' डोक्यात ठेवून 'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' लिहिलं जातं. 'हॅपन', 'अराइव्ह', 'कम' यांना कर्म नाही, म्हणून पॅसिव्ह नाही. उलट 'ही इज गॉन'मध्ये 'इज' आणि तिसरं रूप दोन्ही असून ते पॅसिव्ह नाही, कारण 'गो' अकर्मक आहे. म्हणून रूप दिसलं तरी कर्म कुठून आलं, हे विचारायचंच.

इनडायरेक्ट स्पीचचंही थोडंफार असंच. आपण सहज म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येईन.' 'की' घातलं, काम झालं. माणूस, काळ, दिवस सगळं जिथल्या तिथे. इंग्रजीत मात्र 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' असं तिन्ही बदलावं लागतं. ज्यांचं वाक्य चुकतं त्यांनी बदलताना तीन वेगळे फेरे करावेत: आधी सर्वनामं, मग क्रियापद, मग 'टुमॉरो', 'हिअर', 'धिस'सारखे शब्द. एका दमात सगळं बदलायला गेलं की एखादं राहतंच.

एवढं झालं की कवितेकडे यायचं. थॉमस ग्रेच्या 1751 साली प्रसिद्ध झालेल्या विलापिकेतली एक ओळ यासाठी फार सोयीची आहे: 'द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्‌झ हिज विअरी वे.' नांगरणारा थकल्या वाटेने घराकडे पाय ओढत चाललाय. आधी कामं लिहा. 'प्लाउमन' नाम आणि कर्ता. 'होमवर्ड' क्रियाविशेषण. 'प्लॉड्‌झ' फाइनाइट क्रियापद. 'विअरी' विशेषण, आणि ते 'वे'ला लागलंय. आता अर्थाला विचारा, थकलंय कोण? वाट नाही, नांगरणारा. व्याकरणाने विशेषण वाटेला दिलं, अर्थाने माणसाला. झालं, ट्रान्सफर्ड एपिथेट. व्याख्या आठवावी लागली नाही.

त्याच ओळीत इन्व्हर्जन आहे. साध्या गद्यात 'होमवर्ड' शेवटी गेलं असतं, इथे ते क्रियापदाच्या आधी आलंय. मराठी मुलांच्या नजरेतून हे हमखास सुटतं, कारण मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि 'घराकडे चालतो' हा आपला रोजचा क्रम आहे. म्हणून इन्व्हर्जन शोधताना ओळ आधी कर्ता, क्रियापद, कर्म, बाकीचं अशा क्रमाने वहीत लिहून काढायची आणि मूळ ओळीशी ताडायची. नुसतं वाचून ते जाणवत नाही.

अशाच रीतीने बाकीचे अलंकार त्यांच्या जागेवरून धरता येतात. विशेषणावर नजर ठेवली की ट्रान्सफर्ड एपिथेटखेरीज ऑक्झिमोरॉनही सापडतो: 'ओपन सीक्रेट', जिथे विशेषण आणि नाम एकमेकांना खोडतात. इथे तीन नावांची गल्लत होते. ऑक्झिमोरॉन लगतच्या दोन शब्दांत असतो. पॅराडॉक्स अख्ख्या विधानात असतो, जसं वर्डस्वर्थचं 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन'. वरवर अशक्य, विचार केला की पटणारं, म्हणजे आपला विरोधाभास. अँटिथिसिसमध्ये विसंगती नसतेच. दोन विरुद्ध गोष्टी समतोल रचनेत शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, जसं पोपच्या 1711च्या काव्यातलं 'टु एर इज ह्यूमन, टु फरगिव्ह डिव्हाइन'. चुकणं माणसाचं, क्षमा देवाची. यात अशक्य काहीच नाही.

क्रियापदावर नजर ठेवली की परसॉनिफिकेशन, म्हणजे चेतनगुणोक्ती. कर्ता निर्जीव आणि क्रियापद माणसाचं: 'द विंड व्हिस्पर्ड'. 'द विंड ब्लोज'मध्ये ती नाही, वाहणं वाऱ्याचंच काम. निसर्ग माणसाच्या मनःस्थितीचा रंग घेत असेल, दुःखाच्या प्रसंगी आभाळ रडत असेल, तर त्याला पॅथेटिक फॅलसी म्हणतात. हे नाव जॉन रस्किनने 1856 साली दिलं आणि ते कौतुकाने दिलेलं नव्हतं. जहाजाला नुसतं 'शी' म्हटलं म्हणून परसॉनिफिकेशन लिहू नका, ती इंग्रजीतली जुनी रूढी आहे.

नामावर नजर ठेवली की मेटॉनिमी आणि सिनेक्डकी. या दोन नावांना मुलं घाबरतात, आणि खरं तर या दोन्ही गोष्टी त्यांना लक्षणा म्हणून, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं म्हणून, येत असतात. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' यातली बांगडी म्हणजे काकणं नव्हेत, बायका विधवा झाल्या. बांगडी बाईच्या शरीराचा तुकडा नाही, तिच्याशी जोडलेली वस्तू आहे, म्हणून मेटॉनिमी. 'घरात खाणारी तोंडं सहा' यात तोंड हा माणसाचाच भाग, म्हणून सिनेक्डकी. इंग्रजीत 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता हे पहिलं, 'ऑल हँड्‌स ऑन डेक' हे दुसरं. तुकडा की सोबतची वस्तू, एवढंच विचारायचं. काही उदाहरणं दोन्हींच्या सीमेवर असतात. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा आपलं कारण एका वाक्यात लिहावं.

सिमिली म्हणजे उपमा, हे सगळ्यांना येतं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुकतं. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली लिहून मोकळं होतात. मराठीत उपमेचे चार भाग शिकवतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यदर्शक शब्द. इंग्रजीतही हेच चाळण म्हणून वापरा. आय. ए. रिचर्ड्‌सने 1936 साली उपमेयाला टेनर आणि उपमानाला व्हेइकल ही नावं दिली, पण नावांवाचून अडत नाही. 'शी इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज हर मदर' ही सिमिली नाही. दोन माणसांची उंची मोजली, बस. रॉबर्ट साउदीच्या इंचकेप रॉकवरच्या कवितेत सुरुवातीलाच जहाज 'स्टिल अ‍ॅज शी कुड बी' आहे, म्हणजे होईल तितकं निश्चल. यात उपमानच नाही, तुलना जहाजाची जहाजाशीच. तरीही ही ओळ सिमिली म्हणून लिहिलेली सर्रास आढळते. दुसरीकडे 'अ‍ॅज इफ'वाली कल्पना मराठीत उत्प्रेक्षा होते, इंग्रजीत तिच्यासाठी वेगळा कप्पा नाही, ती सिमिलीतच धरतात. व्यतिरेकालाही, म्हणजे उपमेय उपमानाहून सरस ठरतं त्या अलंकारालाही, शालेय यादीत जागा नाही.

याच कवितेत घंटा बुडते तिथे 'गर्गलिंग साउंड' असे शब्द आहेत. 'गर्गलिंग'मध्ये बुडबुड्यांचा आवाज आहे, म्हणून ऑनोमाटोपिया. 'साउंड' मात्र नाही, तो आवाजाबद्दल बोलतो, आवाज काढत नाही. खळखळ, कडकडाट, किणकिण असे शब्द मराठीत ढिगाने आहेत, तेव्हा कान तयारच असतो. फक्त 'नॉइज', 'क्राय', 'साँग' यांना त्यात ओढायचं नाही.

अलिटरेशनचं तसं नाही. आपल्या अनुप्रासात एकच वर्ण ओळीत कुठेही पुन्हापुन्हा आला तरी चालतो. 'गडद निळे गडद निळे जलद भरुनि आले' या बोरकरांच्या ओळीत ड, द, ल, ळ शब्दांच्या पोटात आणि शेवटी घोळतात. इंग्रजी अलिटरेशन मुख्यतः शब्दारंभीच्या आवाजाचं. शब्दांच्या आत आणि शेवटी तेच व्यंजन आलं तर त्याला कॉन्सोनन्स म्हणतात. आणि मोजायचा तो आवाज, स्पेलिंग नव्हे. इथे पुन्हा देवनागरी. 'फोन' आणि 'फिश' यांचं पहिलं अक्षर इंग्रजीत वेगळं, पण दोघे फ-चे, म्हणून अलिटरेशन. 'सिटी' आणि 'कॅट' एकाच अक्षराने लिहितात, पण एक स-चा आणि एक क-चा. 'नाइफ'मधलं पहिलं अक्षर मुकं, तो न-चा शब्द. यमकालाही हेच: 'लव्ह' आणि 'मूव्ह' कागदावर जुळतात, आजच्या उच्चारात नाही. त्याला आय ऱ्हाइम म्हणतात. ही देवनागरी चाचणी एका ठिकाणी मात्र दगा देते. 'व्हॅली' आणि 'वॉटर' आपण दोन्ही व-नेच म्हणतो, इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा नुसता चंबू होतो. म्हणून या जोडीला अलिटरेशन लिहू नये.

मीटरबद्दल, म्हणजे इंग्रजी वृत्ताबद्दल, थोडं. बोर्डाच्या परीक्षेत त्याचं प्रस्थ नाही, पण बीएला इंग्रजी घेणाऱ्याला ते टळत नाही. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हा भुजंगप्रयात, लगागा चार वेळा. इथे लघु-गुरू अक्षरावरून ठरतो, 'सज्ज'मधला स जोडाक्षरामुळे गुरू. ही सवय घेऊन इंग्रजी ओळ मोजली की दीर्घ स्वर तेवढे गुरू धरले जातात आणि गणित फसतं. इंग्रजीत मोजायचा तो आघात. ग्रेचीच ओळ मोठ्याने म्हणा: द प्लाउ, मन होम, वर्ड प्लॉड्‌झ, हिज विअ, री वे. दहा अवयव, म्हणजे सिलॅबल, प्रत्येक जोडीतला दुसरा ठसठशीत. कमी-जास्त या जोडीला आयँब म्हणतात, अशा पाच म्हणजे आयँबिक पेंटामीटर. आघात कुठे ते कळत नसेल तर शब्दकोशात उच्चाराजवळ आघाताच्या अवयवाआधी एक छोटी उभी रेघ असते, ती बघावी.

आता एक पूर्ण कविता. सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' 1905च्या संग्रहातली, बारा ओळींची, तीन कडव्यांची. विणकरांना विचारलंय की काय विणताय. पहाटे नवजात बाळाचे कपडे, रात्र पडताना राणीचे विवाहवस्त्र, चांदण्यात मृताचं कफन. पेन्सिल घेऊन ती चार वेळा वाचावी, दर वेळी एकच काम.

पहिल्या वाचनात ओळींचे शेवट. 'डे-गे', 'वाइल्ड-चाइल्ड': ए ए बी बी, तिन्ही कडव्यांत तसंच.

दुसऱ्या वाचनात क्रियापदं. 'वीव्हर्स, वीव्हिंग अ‍ॅट ब्रेक ऑफ डे' यात 'वीव्हिंग' पार्टिसिपल, फाइनाइट क्रियापद पुढच्या ओळीतलं 'डू यू वीव्ह'. हे करताना एक गोष्ट नजरेस पडते. पहिल्या दोन कडव्यांत प्रश्न 'व्हाय'ने विचारलाय, तिसऱ्यात 'व्हॉट'ने. पहिल्या दोन्ही वेळी वस्त्र दिसतंय, त्याचा झगमगाट दिसतोय, फक्त ते कशासाठी हे विचारायचंय. शेवटी चांदण्यात हातात काय आहे हेच ओळखू येत नाही. रसग्रहणात लिहायला याहून चांगलं वाक्य गाइडमध्ये मिळणार नाही.

तिसऱ्या वाचनात विशेषणं. 'ब्लू अ‍ॅज द विंग ऑफ अ हॅल्सियन वाइल्ड, वी वीव्ह द रोब्ज ऑफ अ न्यू-बॉर्न चाइल्ड.' निळं कोण? व्याकरण ढिलं सोडलं तर 'वी', म्हणजे विणकर निळे होतात! निळे आहेत 'रोब्ज', पण ते पुढे आलेत. उपमेय कपडे, उपमान खंड्या पक्ष्याचा पंख, धर्म निळेपणा, शब्द 'अ‍ॅज'. चारही भाग मिळाले, सिमिली पक्की. इथे 'अ‍ॅज' एकदाच आलंय, दोन हवेतच असं नाही. 'हॅल्सियन वाइल्ड' आणि तिसऱ्या कडव्यातलं 'मूनलाइट चिल' यांत विशेषण नामामागे गेलंय, ते यमकासाठी, म्हणून इन्व्हर्जन.

चौथं वाचन मोठ्याने, आवाजासाठी. व-चा फेरा सगळ्या कवितेभर आहे आणि तो माग फिरल्यासारखा वाटतो. दुसऱ्या कडव्यात 'प्लूम्ज', 'पीकॉक', 'पर्पल' असा प-चा फेरा.

या कवितेत अपॉस्ट्रॉफी आणि इंटरॉगेशन लिहावं का? दोन्ही उत्तरं सर्रास दिली जातात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. अपॉस्ट्रॉफीत ज्याला हाक मारली तो समोर नसतो, मेलेला असतो किंवा निर्जीव असतो. इथे विणकर समोर आहेत आणि उत्तर देताहेत. इंटरॉगेशन, म्हणजे उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न, तोही नाही, कारण पुढच्याच दोन ओळींत उत्तर आलंय. हा संवाद आहे. अलिटरेशन, सिमिली, इन्व्हर्जन आणि रिपिटिशन इतकं निर्विवाद हाताशी असताना वादातलं नाव निवडण्यात अर्थ नाही. वस्त्रं आणि वेळा मिळून जन्म, लग्न, मृत्यू सांगतात, ते सिम्बॉलिझम. त्यासाठी एखादी ओळ उचलून भागत नाही, तिन्ही कडवी मिळून लिहावं लागतं.

उत्तर लिहिताना बारावीच्या 80 गुणांच्या लेखी पेपरात अलंकाराला दोन गुण असतात, आणि नुसतं नाव लिहून ते दोन्ही मिळतील अशी आशा धरू नये. पहिलं वाक्य नावाचं. दुसऱ्यात ओळीतले नेमके शब्द अवतरणात आणि ते कसे जुळतात. सिमिली असेल तर कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणावरून, तिन्ही हवं. अलिटरेशन असेल तर कोणता आवाज आणि कोणत्या शब्दांत. परसॉनिफिकेशन असेल तर कोणाला माणसाचा कोणता गुण दिला. अख्खी ओळ उतरवून 'हिअर सिमिली इज युज्ड' लिहिलं तर स्पष्टीकरण कोरंच राहतं. चार गुणांच्या रसग्रहणात हेच वाक्य घ्यायचं आणि त्याला 'यामुळे काय झालं' याचं एक वाक्य जोडायचं. 'कविता सुंदर झाली' हे त्याचं उत्तर नव्हे. 'व-चा आवाज मागाची लय ऐकवतो' हे उत्तर.

अनोळखी कवितेत काहीच सापडत नसेल तर ओळी गद्याच्या क्रमाने लिहून काढा, इन्व्हर्जन बहुधा हाती लागतं. पुन्हा आलेल्या शब्दांना गोल करा, रिपिटिशन मिळतं. आणि 'लाइक' दिसलं की सिमिली लिहिण्याआधी ते क्रियापद तर नाही ना, तेवढं बघा. 'आय लाइक द रेन'ला सिमिली म्हणणारी उत्तरपत्रिका दर वर्षी निघते.